नाळ पडेना

आमच्यात नाळ पडल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालत नाहीत, आणि पाळण्यात घातल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. बाकीचे लोक बाराव्या दिवशी उरकून घेतात म्हणे. आमच्या घरात तसं नाही. नाळ वाळते, काळी पडते, एक दिवस दुपट्यात गळलेली सापडते, मग पाळणा बांधायचा, आत्यानं वाकून कानात नाव सांगायचं, आणि ती वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. लहानपणी मला वाटायचं बारसं म्हणजे आत्याला मारायचा कार्यक्रम.

माझ्या बाळाची नाळ पडेना.

मी बाळंतपणाला आईकडे आले होते, निपाणीच्या बाजूला. आई रोज सकाळी दुपटं झटकून बघायची. शेजारच्या बायका यायच्या त्या बाळाचं तोंड नंतर बघायच्या, आधी बेंबी. बारसं एकदा पुढं ढकललं, मग परत ढकललं. मामी बघायला आली, मांडी घालून बसली, दुपटं उचलून बघितलं आणि हसायलाच लागली. "आईला सोडवत न्हाई बघ ह्याला. अजून आतच हाय असं वाटायलंय त्याला." सगळ्या हसल्या, मी पण हसले. मला बरं वाटलं होतं. कुणीतरी मला एवढं धरून ठेवलंय असं वाटलं.

मामी म्हणजे माझी सासू. मला मामाच्याच घरात दिलं. आमच्याकडं मामाला मुलगा असला की पोरीला स्थळ बघत फिरत नाहीत. लहानपणी मी ह्यांना अरे म्हणायची, चिंचेवरून मारामारी करायची, नववीत शाळा सुटली आणि दोन-चार वर्षांनी लग्न झालं तेव्हा अहो म्हणायला शिकले. मामाचं गाव हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रात. आमचं अलीकडं, कर्नाटकात. मध्ये एसटीचा थोडाच रस्ता. मामाला मुलगी नाही, म्हणून त्या घरात आत्या एकच, ती माझी आई. ह्यांचं नाव तिनं ठेवलं होतं, बाळाचं पण तिनंच ठेवायचं. माझं माहेर आणि सासर असं एकाच खुंटीला टांगलेलं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझं बरं आहे गं, तुला सासुरवासच नाही.

मग बेंबीभोवती लाल झालं. आईनं हळद लावली, मामीनं फोनवर सांगितलं ते तेल लावलं. लाल पसरत गेलं, कडेनं जांभळं झालं, पण ओलं नाही, कोरडं. "पू न्हाई धरला, म्हंजे चांगलं हाय," मामी म्हणाली. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं. ताप उतरला की परत यायचा. बाळ रडायचं पण बंद झालं, नुसतं कण्हायचं, आणि मला श्वास पुरेना, मी उभी राहिले की धाप, बसले की धाप. हे बेंगळूरला कंपनीत होते. सुट्टी टाकून आले आणि आम्हा दोघांना घेऊन गेले. आई दारात उभी राहून म्हणाली, "बारसं करायला मी येते तिकडं. पाळणा भाड्यानं मिळतो का बघून ठेव."

मोठ्या हॉस्पिटलात बाळाच्या पायाला पट्टी बांधली. तिच्यावर माझं नाव आणि त्याच्या आधी 'बेबी ऑफ'. सिस्टर म्हणाली नाव काय बाळाचं, मी म्हटलं ठेवलं नाही अजून. तिनं पट्टीकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, परत माझ्याकडं. एवढं मोठं झालं आणि नाव नाही. मी काय सांगणार तिला, तेही हिंदीत. तिथं मला पण नाव नव्हतं. सगळ्या आयांना मम्मीच म्हणायचे. मम्मी इकडे या, मम्मी बाहेर थांबा.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या आईएवढी, बारीक आवाजाची. माझ्याशी हिंदीत बोलायची, सावकाश. तिनं रक्ताचा कागद दाखवला. "ह्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी खूप आहेत, पाहिजेत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि जखमेत पू नाही."

मी म्हटलं, "पू नाही म्हणजे चांगलं ना?"

"नाही. पू म्हणजे ह्याच पेशी, जंतूंशी लढून मेलेल्या. पू नाही म्हणजे तिथं कुणी पोचलंच नाही."

आणि नाळ? नाळ सोडवायला पण ह्याच पेशी लागतात, ती म्हणाली. त्या आल्या नाहीत म्हणून ती पडली नाही.

म्हणजे त्यानं मला धरून ठेवलं नव्हतं. त्याला सोडवायला कुणी आलं नव्हतं.

मग तिनं कागदावर चित्र काढलं. रक्ताची नळी, तिच्यातनं पळणाऱ्या गोल गोल पेशी. जिथं जखम होते तिथं पेशीनं नळीच्या भिंतीला धरायचं, थांबायचं आणि फटीतनं बाहेर पडायचं. धरायला पेशीच्या अंगावर बारीक आकडे असतात. माझ्या बाळाच्या पेशींवर ते आकडेच नाहीत. पेशी नुसत्या पळतात, फिरून फिरून परत येतात. मला ते लगेच कळलं. आमची खोली इलेक्ट्रॉनिक सिटीत, खिडकीतनं फ्लायओव्हर दिसतो. वरनं दिवसभर गाड्या जातात, पण आमच्या गल्लीशी त्यांना उतरायला जागा नाही. खाली काय पेटलं तरी त्या वरच्या वर जाणार. मी तिला तसं सांगितलं, मोडक्या हिंदीत, हातानं दाखवून. ती म्हणाली, "हां, अगदी तसंच." शाळेत मला कुठल्या बाईंनी असं म्हटल्याचं आठवत नाही.

आकडे कसे करायचे ते जीनमध्ये असतं. जीन म्हणजे कृती, ती म्हणाली, भाकरी कशी थापायची तशी. प्रत्येकाकडं दोन, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तर दुसरीवर भागतं. ह्याच्या दोन्ही बिघडलेल्या. ती तपासणी वेगळी होती, तिचा रिपोर्ट यायला वेळ लागला. त्याच्यावर त्या जीनचं नाव होतं, आय टी जी बी आणि पुढं दोनचा आकडा. मी ते पाठ केलं. माझ्या बाळाला नाव नव्हतं, त्याच्या दुखण्याला होतं.

रिपोर्ट वाचून ती म्हणाली, "दोन्ही कृतींमध्ये चूक एकाच जागी आहे. अगदी तीच चूक. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, लग्न नात्यातलं आहे का. तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच," मी म्हटलं. आणि ते मला खरंच वाटत होतं. आमच्यात नातं म्हणजे भावकी. भावकीत लग्न करत नाहीत, चुलत भाऊ म्हणजे सख्ख्या भावासारखा. मामाचं घर भावकीत येत नाही, ते तर सोयरिकीचं घर. मला ह्यांच्यात द्यायचं हे मी रांगत होते तेव्हापासून ठरलेलं, त्याला कुणी नात्यातलं लग्न म्हणत नव्हतं. त्याला लग्नच म्हणायचे.

हे खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, ही माझ्या आत्याची मुलगी."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. रागावली नाही. "आमच्याकडे पण अशीच लग्नं करतात," एवढंच म्हणाली.

आता एक चूक ह्यांनी केली. सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून फोनवर कॉन्फरन्स लावला, तिकडं मामा-मामी, इकडं आई. हे सरळ माणूस, डॉक्टर जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. एक आईकडनं, एक बापाकडनं.

मामा म्हणाला, "आमच्या घरात असलं काय न्हाई. तिच्या बापाकडनं आलं असंल."

"तिच्या बापाकडनं कसं येईल रे दादा," आई म्हणाली, "दोन्हीकडनं सारखं आलंय म्हणतोय तुझा लेक. म्हंजे तुझ्याकडनं न् माझ्याकडनं."

"म्हंजे आपल्या आईकडनं म्हण की. गेलेल्या माणसाचं नाव काढतीस?"

"मी काढलं का? मी माझी पोर तुझ्या घरात दिली, चांगली सोन्यासारखी..."

"आणि माझा लेक काय पितळंचा हाय?"

तेवढ्यात मामी मध्ये बोलली. "भांडताय कशाला. तुमच्या आईचं मधलं पोर गेलं ते कशानं गेलं? बेंबीनंच न्हवं? नाव ठेवायच्या आधीच. सासूबाईंनीच सांगितलं मला. मी भायेरची बाई, माझं नाव ह्याच्यात घेऊ नका कुणी."

मग एकेक फोन कट झाला, आधी कुणाचा ते कळलं नाही. मला ते मधलं पोर माहीतच नव्हतं. आईला एक भाऊ होता, मामाचाही तो भाऊ, आणि त्याला हाक मारायला कुणाकडं नाव नव्हतं.

त्यानंतर आई आणि मामा बोलायचे बंद झाले. आणि माझ्याशी पण. आईला वाटायचं मी आता त्यांची सून, मामाला वाटायचं मी हिचीच पोर. बाकीच्या बायकांना सासरी बोलणं बसलं की माहेर असतं. मी एका फोनवरनं दुसऱ्या फोनवर जायची. आईचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मामाचा लागायचाच नाही, त्याच्या सिमवर ती बाई बोलायची, आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते आता... मामाचं सिम महाराष्ट्रातलं म्हणून ती बाई मराठीत बोलते. आईच्या सिमवर कन्नडमध्ये. खोटं कशाला सांगू, कधी कधी मी मामाला फोन त्या बाईसाठीच लावायची. दिवसभरात कुणी मराठीत बोललेलं ऐकू यायचं ते तेवढंच.

कारण हॉस्पिटलातनं घरी सोडल्यापासून आम्ही खोलीत कोंडलेलेच होतो. बाळाला दुसऱ्याचा बोनमॅरो घालायला लागणार होता, हाडातला मगज, आणि तोपर्यंत त्याला कसलाही जंतू लागू द्यायचा नाही. दार बंद, खिडकीला जाळी, पाणी उकळलेलं, माझ्या तोंडाला घरात पण मास्क. बाळानं माझं तोंड पूर्ण असं बघितलंच नसेल तेव्हा. त्याला हसून दाखवायचं तर डोळ्यांनीच. हे कंपनीतनं आले की दारातच कपडे काढून बाथरूममध्ये जायचे, मग लांब बसून जेवायचे. दमलेले असायचे. बाळाला हाक मारायला नाव नव्हतं, ते त्याला "ओ साहेब" म्हणायचे. "काय साहेब, आज ताप किती?"

समोरच्या खोलीत एक अक्का राहायची. ती जाळीच्या बाहेर उभी राहून विचारायची, "मगु हेगिदे?" बाळ कसं आहे. मी म्हणायची, "चन्नागिदे अक्का." बरं आहे. मग ती स्टीलचा डबा दारात ठेवायची. "स्वल्प सारू." थोडं सार. मी ती गेल्यावर दार उघडायची. एकदा ती गेलीच नाही, जिन्यात बसून राहिली, मी आत बसून राहिले. तिला मराठी येत नाही, मला कन्नड गावातलं, तिचं वेगळं. पण त्या दिवशी मला धाप लागली नाही.

मगज कुणाचा जुळतो ते बघायला आधी आम्हा दोघांचं रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईनं सांगून ठेवलं होतं, आई-बाप बहुतेक अर्धेच जुळतात, पूर्ण जुळणारं कुणी लागतं, भाऊबहीण नाही, तर मग बाहेर शोधायचं. आणि घरच्या सगळ्यांना बोलवा. मी मान हलवली. सगळ्यांना कसं बोलवायचं ते तिला काय माहीत. आई येईल तर मामा येणार नाही आणि मामा आला तर आई.

तिनं आम्हाला परत बोलावलं तेव्हा मी खुर्चीवर बसलेच नाही. बसले की वाईट सांगतील असं वाटत होतं. ती म्हणाली, "बसा. तुम्ही जुळताय."

"अर्धी?"

"पूर्ण. सख्खी बहीण जुळावी तशी." मग सांगायला लागली की तुम्ही दोघं एकाच आजी-आजोबांचे, म्हणून असं होऊ शकतं, बाळाला बापाकडून आलेलं अर्धं आणि तुमच्याकडचं दुसरं अर्धं सारखंच निघालं. तुमच्याकडे एक कृती चांगली आहे, तेवढ्यावर त्याचं भागेल.

मी ऐकलं सगळं, पण डोक्यात एकच. कुणाला बोलवायला लागणार नाही.

ह्यांनी मामीला तेवढं कळवलं. मामीचं उत्तर ह्यांनी मला हसत सांगितलं, किती दिवसांनी हसले होते. "दुखणं तुमच्याच घरातलं, औषध बी तुमच्याच घरातलं. मला काय इचारताय, करा की."

माझा मगज काढला त्या दिवशी भूल उतरल्यावर कंबर मोडल्यासारखी झाली होती. बाळाजवळ हे बसले होते. ते म्हणाले, लाल पिशवी टांगली आणि थेंब थेंब गेलं, बस, एवढंच, मला वाटलं ऑपरेशन असेल. मग हे कामावर गेले आणि मी आत बाळाच्या खोलीत गेले. त्या खोलीत एकच माणूस राहू शकतो. काच आहे, काचेच्या पलीकडं दुसरी काच. औषधांनी बाळाचे केस गेले, तोंड आलं, गळ्याशी नळी. मी त्याला सांगत बसायची, हे बघ, आता तुझ्या अंगात मी फिरायलेय. आता तरी उतरायला जमतंय का बघूया. बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. पेशी वाढायला लागल्या असं सिस्टर रोज सांगायची. पण पेशी तर आधी पण भरपूर होत्या. मी तेच विचारायची, आकडे आहेत का त्यांना. सिस्टर म्हणायची, मम्मी, टेस्ट पाठवलीय.

एका दुपारी बाळाला पुसून घेत होते. कानाच्या मागं, टेप लावून लावून कातडी सोलवटलेली, तिथं एक फोड दिसला. लाल, आणि मधोमध पिवळा ठिपका.

परत सुरू झालं, असं वाटलं. मी बेल दाबली, दाबूनच धरली, सिस्टर धावत आली, तिनं बघितलं आणि डॉक्टरला फोन केला. डॉक्टरीणबाई यायला जो वेळ लागला त्यात मी किती श्वास घेतले की घेतलेच नाहीत, कोण जाणे. ती आली, हात धुतले, हातमोजे घातले, बाळाचं डोकं हळू वळवलं. बराच वेळ बघत होती.

"सांगा बरं हे काय आहे," ती मला म्हणाली.

मी म्हटलं, "पू."

"हां. पू."

तिचं तोंड मास्कमध्ये होतं, पण डोळे माझ्यासारखेच हसत होते, बाळाला हसून दाखवायचे तसे. मग लगेच सिस्टरला म्हणाली, तपासायला पाठव, औषध वाढव, लक्ष ठेव. मला म्हणाली, "अजून खूप बाकी आहे. घाबरायचं संपलं असं मी म्हणणार नाही." आणि दारात थांबून म्हणाली, "पण आले ते. उतरले खाली."

ती गेली. मी तिथंच उभी. कुणालातरी सांगायचं होतं. ह्यांचा फोन कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये असतो, संध्याकाळपर्यंत बंद. मी आईला लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, मी ठेवणारच होते.

"काय गं," आई म्हणाली. आवाज बसल्यासारखा.

"आई, पू झालाय बाळाला."

मग म्हणाली, "कुठं?"

"कानाच्या मागं. बारका आहे. चांगलं आहे म्हणतात."

"पू चांगला?"

"हो."

"काय लावलंस?"

"काही लावायचं नाही आई. तो माझाच आहे पू. माझ्या पेशी आहेत त्या."

आई रडत होती की नाक ओढत होती, ते फोनवर कळत नाही. मग म्हणाली, "दादाला सांगितलंस?"

किती महिन्यांनी तिच्या तोंडात दादा आला.

"नाही. तूच सांग," मी म्हटलं, आणि फोन ठेवला, माझंच धाडस बघून मला धाप लागली.

बाळ झोपलं होतं. मी त्याच्या कानामागं बघत बसले. पिवळा ठिपका होता तसाच. पाळण्याचं विचारायचं राहिलं म्हणून आईला परत लावला, तर ती कन्नडवाली बाई बोलली, बिझी आहे. मामाला लावला. मराठीवाली बोलली, आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. मी परत आईला लावला, परत मामाला. दोघी बाया तेच सांगत होत्या. मी फोन बाळाच्या गादीवर ठेवला आणि वाट बघत बसले, दोघांतला कुठला आधी मोकळा होतोय त्याची.